पावसाळा न पाहिलेल्या विटा

दुपारी तीनच्या सुमाराला त्याच्या खांद्यावर भिंतीचा एक टवका पडला. टवका कसला, कोटाच्या बटणाएवढी चकती. रंगाचा पापुद्रा आणि मागे चिकटलेला थोडा गिलावा. त्याने तो सवयीने झटकला. नात झोपली होती. तिचा प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवलेला होता, बोटं तेवढी उघडी होती, आणि मघापासून तो त्या बोटांकडे बघत बसला होता, कारण बोटं निळी पडली तर लगेच हाक मारा असं डॉक्टर सांगून गेले होते. बोटं गुलाबी होती. मुलांच्या या वॉर्डात एका लांब भिंतीला डोकं लावून अकरा खाटा मांडलेल्या होत्या, नातीची सातवी, आणि मुलगी कामावरून येईपर्यंत, म्हणजे पाचपर्यंत, सातव्या खाटेचा पहारा त्याच्याकडे होता. म्हाताऱ्या माणसाला याहून सोपं काम कोण देणार? सिस्टर स्वच्छतेच्या बाबतीत भारी कडक, म्हणून त्याने चकती जमिनीवरून उचलली आणि ही पडली तरी कुठून म्हणून मान वर केली. खाटेच्या दांडीपासून दोन हात वर भिंतीला खळगा पडला होता, बशीसारखा उथळ. खळग्याच्या बरोबर मध्ये, तळाशी, एक पांढरा ठिपका होता.

दुसऱ्या कुणी बघितला असता तर रंग उडालाय म्हणून सोडून दिला असता. त्याने उभं राहून नखाने तो ठिपका खरवडला. पिठासारखी भुकटी नखात आली, त्याने ती जिभेला लावली आणि जीभ चुरचुरली. मग तो भिंतीच्या कडेकडेने चालू लागला, तळहात भिंतीला लावून, आंधळा चालतो तसा, आणि प्रत्येक खाटेपाशी बसलेली आई किंवा मावशी त्याच्याकडे बघून पाय आत घेत राहिली. हाताला खळगे लागत होते. काही नवे, काही लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग दिलेले, पण लांबी भरलेला खळगा हाताला फसवत नाही. पहिल्या खाटेपासून चौथ्यापर्यंत एकही नव्हता. पाचवीपासून सुरू झाले ते दहावीपर्यंत. आठव्या आणि नवव्या खाटेच्या मधे भिंत चक्क पोट काढून उभी होती, आणि तिथे ती गार लागत होती. पलीकडे काय आहे, असं त्याने झाडणाऱ्या बाईला विचारलं. पलीकडे नवी न्हाणीघरं आहेत म्हणाली, दोन वर्षं झाली, त्याआधी तिथे सामानाची खोली होती, आणि नळ पहिल्या दिवसापासून गळतोय तो अजून गळतोच आहे. आणि वर? वर गच्चीवर टाकी. तिला आजोबांच्या चौकशीची गंमत वाटली असावी. टाकी मोठी आहे, पाण्याची काळजी करू नका, असं ती हसून म्हणाली.

तो परत येऊन स्टुलावर बसला. वॉर्डाच्या दारावर बाहेरच्या बाजूला एक दगडी पाटी होती. नातीला इथे आणलं त्या दिवशी, एवढ्या धावपळीतसुद्धा, मुलीने ती पाटी सिस्टरना दाखवली होती. हे आमच्या आजोबांचं नाव, या वॉर्डाच्या सगळ्या विटा आमच्या कारखान्यातून दान आल्यात, असं सांगताना तिचा आवाज जरा वर गेला होता. सिस्टरनीही मग हो का म्हणत जरा चांगली खाट दिली होती. चांगली म्हणजे दारापासून लांब, पंख्याखाली, सातवी. तेव्हा तो मागे औषधांची पिशवी धरून उभा होता आणि पाटीवरचं वडिलांचं नाव बघून त्याने नेहमीप्रमाणे नजर दुसरीकडे वळवली होती. हे कसब त्याला बेचाळीस वर्षांच्या सरावाने साधलेलं होतं.

कारखाना असं मुलगी म्हणते. आजोबांनी, म्हणजे त्याच्या आजोबांनी, ज्याची सुरुवात केली त्याला कारखाना म्हणणं म्हणजे छपराला हवेली म्हणण्यासारखं होतं. ओढ्याकाठची माती, मोडक्या खाटेच्या फळ्यांचा एक साचा, आणि नवरा-बायको. आजी चिखल तुडवायची, आजोबा थापायचे. पहिल्या भट्टीतल्या बऱ्या विटा विकल्या आणि उरलेल्यांतून त्यांनी स्वतःला एक खोली बांधली. तिसऱ्या वर्षी, पावसाच्या दिवसांत, त्या खोलीची मागची भिंत रात्रीतून फुगली आणि सकाळी बसली. भिंतीजवळ पाळणा होता. अण्णांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, आधी एक मुलगा झाला होता, हे घरात कधीच कुणी बोलत नसे; त्याला ते अण्णांनी एकदाच सांगितलं होतं, तेही भट्टीवर, विटेबद्दल शिकवताना, जणू मातीचाच एखादा गुण सांगावा तसं. मातीत चुनखडीचे बारीक खडे असले की ते भट्टीत भाजून निघतात आणि विटेच्या पोटात कळीचा चुना होऊन बसतात. वीट दिसायला लाल, वाजवली तर खणखणीत. चुना तिथे दहा वर्षं बसेल, पन्नास बसेल. ज्या दिवशी त्याला ओल लागेल त्या दिवशी तो फुलणार, आणि मग वीट आतून उकलते. म्हणून आजोबांनी नियम घालून दिला होता. नव्या खाणीची वीट एक पावसाळा उघड्यावर ठेवायची. फुटायची ती डोळ्यांदेखत फुटू दे, उरेल ती विकू. एवढी घाई असेल तर गरम गरम वीट पाण्याच्या हौदात बुडवून काढायची, म्हणजे चुना तिथेच मरतो. पण विटेला पाणी दाखवल्याशिवाय ती फाटकाबाहेर जायची नाही.

आजोबांनंतर अण्णांनी तिथे धुरांडं उभारलं, ते दोन गावांवरून दिसायचं. विटेवर तीन ठिपक्यांचा छाप आला. गवंडी तीन ठिपके बघून वीट घ्यायचे, न वाजवता. वाजवण्याचं काम अण्णा करायचे आणि नंतर त्यांनी ते याला शिकवलं. दोन विटा दोन हातांत घ्यायच्या, पोटाला पोट लावून नाही, कडेला कड, आणि हलकेच टेकवायच्या. चांगली वीट बोलते. कच्ची असली तर ठप्प म्हणते, आतून तडकलेली असली तर फाटक्या आवाजात कुरकुरते. सोळाव्या वर्षी त्याला डोळे मिटून शंभरातली एक तडकी वीट काढता यायची. भट्टीवरची माणसं त्याला कानमालक म्हणत, पाठीमागे आणि थोडं थोडं तोंडावरही. तो त्या नावाने फुगून जायचा. आता, या स्टुलावर, त्याला एवढंच आठवत होतं की चुन्याची वीट सगळ्यांत गोड वाजते, आणि हेही अण्णांनी त्याला शिकवलेलं होतं.

तो सव्वीस वर्षांचा असताना अण्णांची उजवी बाजू गेली आणि वाचा बसली. जुनी खाण त्याच वर्षी संपत आली होती. ओढ्यापलीकडची नवी खाण त्याने स्वतः हेरली, स्वतः सौदा केला, अण्णांना न विचारता, कारण अण्णांना विचारून उपयोग काय, असं तो सगळ्यांना म्हणायचा. थापणाऱ्या बायकांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं की मालक, माती हाताला खडखडते. त्याने त्यांना माती चाळून घ्यायला सांगितली आणि तिकडे परत फिरकला नाही. चाळायला कुणाला वेळ होता? पहिली भट्टी उघडली तेव्हा पावसाळा संपून दोन महिने झाले होते. चाळीस हजार विटा, लालबुंद, बघून डोळे निवावेत अशा. नियमाप्रमाणे त्या पुढच्या पावसाळ्यानंतर विकायच्या, म्हणजे वर्षभर अंगण अडवून बसणार. हौदात बुडवाव्यात तर भट्टी गार होऊन गेली होती, शिवाय पाणी खाल्लेल्या विटेवर पांढरे डाग येतात आणि तीन ठिपक्यांवर डाग आलेला त्याला चालणार नव्हता. काकांनी, अण्णांच्या धाकट्या भावाने, तोड काढली. काका हसतमुख माणूस, कुठलीही गोष्ट ते पानाला चुना लावावा तितक्या सहज करत. शहरातल्या या दवाखान्याची कमिटी गावोगाव देणग्या गोळा करत फिरत होती. विकलेली वीट उलटून अंगावर येते, काका म्हणाले, फुकट दिलेल्या विटेची तक्रार घेऊन कोण येणार? अंगण मोकळं होईल आणि अण्णांचं नाव होईल. शिवाय वॉर्डाच्या आतल्या भिंतीला लावायला सांगू. आतल्या भिंतीला पाऊस कुठला?

आतल्या भिंतीला पाऊस कुठला. हे वाक्य त्याने बेचाळीस वर्षं जपून ठेवलं होतं, आणि खरं म्हणजे ते चाळीस वर्षं खरंही ठरलं होतं.

कमिटीची माणसं आली तो दिवस त्याला कधी आठवावा लागत नाही, तो असतोच. अंगणात विटांची थप्पी, बाजूला आरामखुर्चीत अण्णा, पायावर शाल. त्याने कमिटीसमोर दोन विटा उचलल्या आणि कडेला कड टेकवली. असा आवाज निघाला की कमिटीतले एक गृहस्थ वा म्हणाले, गाणं ऐकल्यासारखे. त्याने आणखी दोन वाजवल्या. मग त्याचं लक्ष अण्णांकडे गेलं. अण्णांचा डावा हात उठला होता आणि खुर्चीजवळच्या बादलीकडे बोट दाखवत होता. पाणी पाहिजे, कुणीतरी म्हणालं. त्याने पेला भरून दिला, अण्णा प्याले, आणि पेला परत देतानाच पुन्हा बादलीकडे बोट. पुन्हा पेला. चार वेळा. कमिटीतल्या गृहस्थांनी चुकचुक केलं. अशा दुखण्यात तहान फार लागते, त्यांच्याही आईला लागायची, असं ते म्हणाले. अण्णांनी पाचव्यांदा बोट दाखवलं तेव्हा त्याने हसून दुर्लक्ष केलं.

दुसऱ्या दिवशी गाड्या भरायला लागल्या. अण्णांना घरातच ठेवा असं काका म्हणाले होते, पण अण्णांनी डाव्या हाताने उंबरठा धरून असा काही आवाज काढला की त्यांना बाहेर आणावंच लागलं. त्यांनी थप्पीकडे हात केला. त्याने एक वीट आणून त्यांच्या मांडीवर ठेवली, खेळणं द्यावं तशी. मग बादलीकडे बोट. त्याने पेला दिला. आणि अण्णांनी तो पेला तोंडाला लावला नाही. थरथरत्या डाव्या हाताने त्यांनी तो विटेवर नेला आणि पालथा केला. पाणी विटेवर पडलं, विटेने ते आवाज करत प्यायलं, उरलेलं शालीवरून ओघळलं. गाडी भरणारी माणसं थांबली. अरेरे, हात ऐकत नाही आता, असं कुणीतरी हळहळून म्हणालं. अण्णा त्याच्याकडे बघत होते.

इथपर्यंतची गोष्ट त्याने बायकोला सांगितलेली होती, मुलीलाही. आमच्या आजोबांना शेवटी फार तहान लागायची, पेला हातात ठरायचा नाही, अंगावर सांडायचा, असं मुलगी लहानपणापासून ऐकत आली होती आणि कुणाच्या आजारपणाचा विषय निघाला की सांगतही असे. जे सांगितलं नव्हतं ते असं की विटेवर पाणी पडलं त्याच क्षणी त्याला सगळं कळलं होतं. कळायला अवघड काय होतं? ज्या माणसाने त्याला विटेची भाषा शिकवली तो माणूस त्याच भाषेत बोलत होता. त्याला कळलं, आणि गाडी अर्धी भरलेली होती, कमिटीने आभाराचं पत्र पाठवलेलं होतं, काका फाटकात उभे राहून गाडीवानाला हसवत होते. त्याने खांद्यावरच्या पंच्याने अण्णांची मांडी पुसली. वीट उचलून बाजूला ठेवली. मग बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तो म्हणाला, "अण्णा, तहान लागली का?" आणि पेला पुन्हा भरून त्याने तो त्यांच्या ओठांना लावला. अण्णांनी ते पाणी पिऊन टाकलं, पेल्याच्या काठावरून त्याच्याकडे बघत. त्यानंतर सात आठवडे ते जगले, पण त्यांनी परत कशाकडेही बोट दाखवलं नाही. पाणी दिलं की पीत, नाही दिलं की मागत नसत.

ती बाजूला ठेवलेली ओली वीट आठव्या दिवशी उकलली, मधोमध, भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी. त्याने ती ओढ्यात टाकली. वॉर्डाची भिंत तेव्हा कमरेएवढी आली होती. पुढे नवी खाण त्याने बुजवली, काका गेले, सिमेंटचे ठोकळे आले, धुरांडं पाडावं लागलं आणि खाणींच्या खड्ड्यांत भराव घालून तिथे वसाहत उठली. तो शहरात मुलीकडे आला. लोक म्हणत, धंदा बंद झाला म्हणून मालक खचला. त्याला मात्र धुरांडं पडलं त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं होतं. शहरही असं की फिरून फिरून ते त्याला याच दारापाशी घेऊन आलं, आणि आलं तेही नातीचा पाय मोडून.

सव्वाचारला तो तळमजल्यावर देखभालीच्या साहेबांच्या खोलीत गेला. साहेब तरुण होता, समोर नळांच्या तोट्यांचा ढीग आणि एक उघडा डबा. बसा आजोबा, म्हणाला. त्याने बोलायला सुरुवात केली आणि तो चुकीच्या टोकाकडून शिरला, हे त्याचं त्यालाच कळत होतं. तो ओढ्याकाठच्या मातीपासून सांगू लागला, साच्याच्या फळ्या, चुनखडी, भट्टीची आच. साहेब चांगला होता, मधेच तोडलं नाही. शेवटी त्याने विचारलं, या भिंतीच्या विटा तसल्याच आहेत हे तुम्हाला कसं माहीत? सरळ प्रश्न होता. त्याचं उत्तर चार शब्दांचं होतं आणि ते जिभेवर आलंही होतं. त्याला दारावरची पाटी दिसली, पाटी दाखवताना मुलीचा वर गेलेला आवाज ऐकू आला, आणि तो म्हणाला, "अनुभव आहे." साहेबाने मान डोलावली. खळगे त्यालाही ठाऊक होते, ओलीमुळे रंग सुटतो, सुट्टीच्या आठवड्यात लांबी भरून घेऊ. "पाणी," साहेबाला थांबवत तो म्हणाला, "त्या विटांना पाणी..." पुढचे शब्द फुटेनात. साहेब चटकन उठला, कोपऱ्यातल्या यंत्रातून पेला भरून आणला आणि त्याच्या हातात देऊन म्हणाला, "घ्या आजोबा, आधी पाणी प्या. ऊन फार आहे." आणि तो प्याला. सगळा पेला, तळापर्यंत. दिलेल्या पाण्याचं दुसरं काय करायचं असतं? पिताना त्याने काठावरून साहेबाकडे बघितलं, आणि साहेब त्याच्याकडे बघून मायेने हसला.

वर येऊन त्याने नातीच्या खाटेची दांडी धरली आणि खाट भिंतीपासून ओढली. चाकं गंजलेली, फरशीवर किंचाळली. नात जागी झाली, कुठे चाललो आपण, म्हणाली. कुठे नाही, जरा हवा. दीड हात सुटली खाट. भिंत खरंच आली तर दीड हाताने काय होणार होतं? तरी त्याने ओढली. फक्त आपली. आठव्या खाटेजवळची बाई, तिच्या मुलाच्या छातीला पट्ट्या होत्या, ती हे सगळं बघत होती. तिची नजर खाटेच्या चाकांवरून भिंतीवर गेली आणि भिंतीवरून त्याच्यावर येऊन थांबली. आपण आपलं तेवढं वाचवतोय हे तिला कळलंय असं वाटून त्याला भयंकर लाज वाटली. सिस्टर आल्या. रांग बिघडलेली त्यांना खपत नसे; ट्रॉली जायला वाट लागते आजोबा, म्हणत त्यांनी पोटाने रेटून खाट परत भिंतीला लावली. खाटेची दांडी भिंतीला आपटली आणि आत कुठेतरी, खोल, काहीतरी सुटून खाली घरंगळल्याचा बारीक आवाज झाला. वॉर्डात तो दुसऱ्या कुणाला ऐकू आला नाही. त्याला आला.

त्याने खाट पुन्हा ओढली. सिस्टर आता चिडल्या. तेवढ्यात पाच वाजले असावेत, कारण मुलगी दारात उभी होती, खांद्यावर पर्स, घामेजलेली. काय झालं, बाबांना काय होतंय, असं ती सिस्टरना विचारत होती आणि सिस्टर सांगत होत्या की दुपारपासून असंच चाललंय, भिंतीवरून हात काय फिरवतात, खाली साहेबांकडे काय जाऊन आले. मुलीने त्याला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं. तिच्या चेहऱ्यावर जी काळजी होती ती त्याने पूर्वी एकदा बघितली होती, कमिटीतल्या त्या गृहस्थांच्या तोंडावर. तिने कपाटावरचा पेला उचलला, भरला आणि त्याच्या ओठांजवळ आणला.

"बाबा, पाणी घ्या थोडं."

त्याने तिचं मनगट धरलं. पेला हलला, पाणी तिच्या हातावर सांडलं.

"तुझ्या आजोबांना तहान लागलेली नव्हती," तो म्हणाला.

मग तो म्हणाला, या विटा माझ्या आहेत. मीच दिल्या, विकायला धीर झाला नाही म्हणून दिल्या, त्यांना पाणी दाखवलेलं नाही, आणि अण्णा तेच सांगत होते, त्या दिवशी पाच वेळा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि मला ते कळलं होतं. पाचव्या खाटेपासून दहाव्यापर्यंत, मुलं उचला. तो हळू बोलत होता, पण वॉर्डात इतकी शांतता झाली होती की पहिल्या खाटेपर्यंत ऐकू जात असावं. सिस्टर मुलीकडे बघत होत्या आणि मुलगी दाराकडे, जिथून पाटी दिसत नव्हती. तिचा चेहरा ओळखू येईनासा झाला होता. पेला अजून तिच्या हातात होता आणि तो कुठे ठेवावा हे तिला सुचत नव्हतं.

म्हाताऱ्या माणसांना असं होतं कधी कधी, सिस्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, मी डॉक्टरांना बोलावते.

आठव्या खाटेजवळची बाई उठली. वाकून तिने मुलाच्या मानेखाली एक हात घातला, गुडघ्यांखाली दुसरा, आणि पट्ट्यांसकट त्याला उचलून ती भिंतीपासून लांब, समोरच्या खिडकीकडे निघाली.